फटफटीची किल्ली आणि आईबापांचे कर्तव्य

आदिलाबाद जिल्ह्यात, विशेषतः पैनगंगेकाठच्या आपल्या मराठी भाषिक गावांत, गेल्या तीस-चाळीस वर्षांत जी स्थित्यंतरे घडून आली त्यांत फटफटीचे आगमन हे एक मोठे स्थित्यंतर होय. एके काळी बेला, जैनथ किंवा तामसीकडच्या शेतकऱ्यास आदिलाबादच्या बाजारास जावयाचे म्हणजे पहाटेच बैल जुंपावे लागत. आज तो न्याहारी आटोपून निघतो आणि दुपारच्या जेवणास घरी परततो. आजारी लेकरास दवाखान्यात नेणे, खताची थैली आणणे, कन्येस महाविद्यालयात पोहोचविणे, रविवारच्या मिस्सेला वेळेवर येणे, ही सारी कामे ह्या दोन चाकांनी सुकर केली आहेत. तेव्हा ह्या वाहनाची निंदा करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही.

तथापि एका गोष्टीचा विचार आपण पुरेसा केलेला दिसत नाही. बैलजोडीचे कासरे मुलाच्या हाती देण्यापूर्वी आपले वाडवडील त्यास किती काळ शेजारी बसवून घेत! उतारावर गाडी कशी आवरावी, ओढ्यात कोठून घालावी, बुजणाऱ्या बैलास कसे चुचकारावे हे सारे शिकून झाल्यावरच कासरा त्याच्या हाती येई. शिवाय बैलास स्वतःची अक्कल असते. धनी पेंगला तरी तो वाट सोडीत नाही, आणि खड्डा दिसला की आपण होऊन थबकतो. फटफटीस ना डोळे ना अक्कल. शंभर सी.सी.ची साधी गाडी म्हटली तरी तिच्या पोटात सात-आठ घोड्यांचे बळ असते. आणि हे बळ आपण मिसरूड न फुटलेल्या मुलाच्या हाती एका दुपारच्या शिकवणीवर सोपवितो!

आकडे काय सांगतात?

केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली आपल्या देशात ४,६१,३१२ रस्ते-अपघात झाले व त्यांत १,६८,४९१ माणसे दगावली. म्हणजे दररोज सरासरी ४६२ जण. ह्या मृतांपैकी शंभरांतले सुमारे ४४ जण दुचाकीवर होते. हेल्मेट न घालता दुचाकीवर बसलेले आणि प्राणास मुकलेले लोक त्या एका वर्षात ५०,०२९ होते. त्यांतील ३५,६९२ जण गाडी चालविणारे व १४,३३७ जण मागे बसलेले होते. मागे बसलेले कोण, हे आम्ही सांगावयास नको. कोणाची पत्नी, कोणाची वृद्ध माता, कोणाचे शाळकरी मूल.

आकड्यांमागे घरे असतात. धर्मगुरूस ज्या घरांत सांत्वनासाठी जावे लागते त्यांत अलीकडे अशी घरे वाढत चालली आहेत की, जेथे म्हातारा बाप जिवंत आहे आणि त्याचा विशीतला मुलगा नाही. तेथे बसून राहण्यापलीकडे काही करता येत नाही. म्हणूनच जे आधी करता येण्यासारखे आहे त्याविषयी आज लिहीत आहोत.

आपण शिकतो म्हणजे काय शिकतो?

आपल्याकडे फटफटी शिकण्याची रीत सर्वांच्या परिचयाची आहे. काका किंवा थोरला भाऊ मोकळ्या वावरात घेऊन जातो. क्लच दाब, गिअर टाक, हळूहळू सोड, एवढे सांगतो. दोनदा गाडी बंद पडते, एकदा मुलगा पडतो, आणि संध्याकाळपर्यंत तो गावातून ऐटीत चक्कर मारून येतो. घरचे म्हणतात, 'पोरगा शिकला.' वस्तुतः तो गाडी हलविण्यास शिकला. थांबविण्यास व रस्ता पाहण्यास शिकला नाही.

ही रीत केवळ आपलीच आहे असे नव्हे. अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरी दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचे हॅरी हर्ट ह्यांनी नऊशे मोटारसायकल-अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली. त्यांचा अहवाल १९८१ साली प्रसिद्ध झाला. अपघातात सापडलेल्या चालकांपैकी शेकडा ९२ जण आपले आपणच किंवा घरच्यांकडून वा मित्रांकडून गाडी शिकलेले होते, असे त्यात आढळले. आणखी एक गोष्ट त्यात दिसून आली. संकट समोर येताच पुष्कळ चालक मागचा ब्रेक जोराने दाबून चाक घसरवीत, आणि पुढच्या ब्रेकचा पुरता उपयोग करीतच नसत. आपल्या गावातही 'पुढचा ब्रेक दाबला की माणूस उलटतो' असे मुलांना सांगितले जाते. खरी गोष्ट अशी की, ब्रेक लागताच गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो आणि म्हणून थांबविण्याची अधिक शक्ती पुढच्या ब्रेकातच असते. दोन्ही ब्रेक एकदम व चढत्या जोराने, झटका न देता, दाबावयाचे असतात. हे वावरातल्या काकास ठाऊक नसते, आणि म्हणून पुतण्यासही ठाऊक होत नाही.

इंग्लंडात ह्यावर उपाय म्हणून १९९० सालच्या डिसेंबरपासून नव्या चालकांस प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्यात आले. त्याचे पाच भाग आहेत. आधी नियमांची व साधनांची माहिती, मग उभ्या गाडीची ओळख, मग मैदानावर चालविण्याचा सराव, मग रस्त्याविषयीचा पाठ, आणि शेवटी शिक्षकाबरोबर किमान दोन तास प्रत्यक्ष रस्त्यावर. ही चढण लक्षात घेण्यासारखी आहे. रस्ता सर्वांत शेवटी येतो.

कायद्याच्या पायऱ्या

आपल्या देशातही कायद्याने पायऱ्या घालून दिल्या आहेत. पण आपण त्या पोलिसाच्या भयापुरत्याच पाहतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय सार्वजनिक ठिकाणी वाहन चालविता येत नाही, आणि परवान्यासाठी वय १८ वर्षे पूर्ण व्हावे लागते. ५० सी.सी.पर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीस १६ वर्षांची सवलत आहे, परंतु तीही पालकांच्या लेखी संमतीने. आपल्या दारातली नेहमीची स्कूटर किंवा मोटारसायकल ह्या सवलतीत बसत नाही, हे ध्यानी ठेवावे. तसेच बिनगिअरच्या गाडीचा परवाना गिअरच्या गाडीस चालत नाही. अर्ज करतानाच ते नीट पाहून घ्यावे.

पहिली पायरी शिकाऊ परवान्याची. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर अर्ज करून वेळ ठरवावयाची, वयाचा व राहण्याच्या ठिकाणाचा पुरावा घेऊन जावयाचे, आणि रस्त्यावरील चिन्हे व नियम ह्यांविषयीच्या प्रश्नांची उत्तरे द्यावयाची. शेकडा ६० उत्तरे बरोबर यावी लागतात. आपल्यापैकी ज्यांस तेलुगू वाचण्याची अडचण आहे त्यांनी एक गोष्ट जाणावी: रस्त्यावरच्या चिन्हांस भाषा नसते. लाल काठाचा त्रिकोण पैनगंगेच्या ह्या तीरी धोका सांगतो आणि त्या तीरीही तोच धोका सांगतो. चित्रे घरी बसून पाठ करता येतात. आणि आदिलाबादेत मिळालेला परवाना पांढरकवडा, किनवट, नागपूर, कोठेही चालतो.

शिकाऊ परवाना ६ महिने चालतो, परंतु तो मिळाल्यापासून ३० दिवस होईपर्यंत पक्क्या परवान्याच्या परीक्षेस बसता येत नाही. हे तीस दिवस आपले लोक 'थांबण्याचे' मानतात. वास्तविक ते शिकण्याचे आहेत. ह्या काळात गाडीस पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' अक्षर लावावे लागते, आणि शिकविणाऱ्या परवानाधारकाखेरीज मागे कोणासही बसवावयाचे नसते. पुढे परीक्षेत आठच्या आकड्यात गाडी फिरवून दाखवावी लागते. पुष्कळांस हा पोरखेळ वाटतो. परंतु पाय जमिनीस न लावता, सावकाश, क्लच आवरीत व नजर वळणाच्या पुढे ठेवीत जो आठ काढतो, त्याच्याच हाती गाडी आहे. जोरात पळविणे तर कोणासही जमते. ही परीक्षा चुकवून परवाना मिळवून देणारा दलाल कोणी भेटला, तर तो आपल्या मुलाचे अज्ञान आपल्यालाच विकत देतो आहे, असे समजावे.

तिशीच्या आत मिळालेला परवाना वयाच्या चाळिशीपर्यंत चालतो. त्यापुढे पन्नाशीच्या आत घेतलेल्या वा नव्या केलेल्या परवान्यास दहा वर्षांची मुदत मिळते. मुदत संपून एक वर्ष उलटले तर पुन्हा परीक्षा द्यावी लागते. वाचकांपैकी वडीलधाऱ्यांनी आपल्या परवान्यावरील तारीख आजच पाहावी.

किल्ली देणाऱ्याची जबाबदारी

आता आईबापांनी विशेष लक्ष द्यावे. २०१९ साली ह्या कायद्यात दुरुस्ती होऊन १९९-अ हे कलम घालण्यात आले. अठरा वर्षांखालील मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास, ते पालकाच्या किंवा गाडीच्या मालकाच्या संमतीनेच झाले असे न्यायालय गृहीत धरते. आपण अजाण होतो किंवा सर्व खबरदारी घेतली होती, हे पालकानेच सिद्ध करावयाचे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते, आणि त्या मुलास वयाची २५ वर्षे पूर्ण होईपर्यंत परवाना मिळत नाही. ज्या मुलाजवळ रीतसर शिकाऊ परवाना होता आणि जो त्यात लिहिलेलेच वाहन चालवीत होता, त्याच्या पालकांस हे कलम लागत नाही. कायदा शिकण्यास आडवा येत नाही. शिकण्याआधी चालविण्यास आडवा येतो.

किल्ली खुंटीवर टांगलेली असते आणि मुलगा ती घेऊन जातो, तेव्हा 'मला काय ठाऊक!' हे उत्तर न्यायालयात टिकणे कठीण. कित्येक घरी तर दहावीचा निकाल लागला की बक्षीस म्हणून गाडी घेऊन दिली जाते. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलास हे बक्षीस नव्हे, हा त्याच्या डोक्यावर ठेवलेला धोंडा आहे.

ह्याहून निराळी एक गोष्ट आहे, ती शेतीभातीशी निगडित असल्याने स्पष्ट सांगतो. गाडीचा विमा काढला म्हणजे सर्व भागले अशी समजूत आहे. परंतु विना परवाना चालकाच्या हातून कोणी जायबंदी झाला वा मेला, तर विमा कंपनीने त्या कुटुंबास भरपाई देऊन ती रक्कम पुढे गाडीच्या मालकाकडून वसूल करावी, असा आदेश न्यायालय देऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली स्वरणसिंग प्रकरणात हा मार्ग स्पष्ट केला. अशी भरपाई लाखांच्या घरात जाते. ज्याच्यापाशी चार एकर कापसाचे वावर आहे त्याने ती कोठून द्यावी? तसेच मालक-चालकाच्या स्वतःच्या अपघाती मृत्यूसाठी २०१८ पासून १५ लाख रुपयांचे विमा-संरक्षण ठरविण्यात आले आहे. ते मिळण्याची अटच ही की त्याच्यापाशी चालू परवाना असावा. परवाना नसेल तर विधवेच्या हाती काही पडत नाही. चार दिवसांची धावपळ वाचविण्यासाठी एवढा मोठा धोका पत्करणे हा कोणता शहाणपणा?

हेल्मेटची कथा

इंग्रजी सैन्यात नाव कमावलेले टी. ई. लॉरेन्स हे १९३५ च्या मे महिन्यात आपल्या मोटारसायकलवरून जात असता सायकलवरील दोन मुलांस चुकविण्याच्या प्रयत्नात पडले. डोक्यास मार लागला आणि सहा दिवसांनी त्यांचा अंत झाला. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यविशारद होते. ह्या मृत्यूने ते अस्वस्थ झाले आणि मोटारसायकलवरील डोक्याच्या दुखापतींचा त्यांनी अभ्यास आरंभिला. १९४१ साली त्यांचा लेख प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने आपल्या मोटारसायकलस्वारांस हेल्मेट सक्तीचे केले. एका डॉक्टरने आपल्या रुग्णाचा मृत्यू वाया जाऊ दिला नाही. पुढे अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून पाहता असे दिसले की, हेल्मेटने मृत्यूचा धोका सुमारे शेकडा ४२ ने आणि डोक्याच्या दुखापतीचा शेकडा ६९ ने कमी होतो.

आपल्या कायद्याने चार वर्षांवरील प्रत्येकास, म्हणजे मागे बसणाऱ्या स्त्रीसही, हेल्मेट आवश्यक केले आहे. नऊ महिने ते चार वर्षांच्या बालकासाठी त्याच्या मापाचे हेल्मेट, चालकाशी बांधणारा पट्टा व ताशी ४० किलोमीटरपेक्षा अधिक नसलेला वेग, असा नियम २०२३ च्या फेब्रुवारीपासून आहे. हेल्मेटवर आय.एस.आय.ची खूण असावी. ती नसलेली हेल्मेटे विकण्यास २०२१ पासून बंदी आहे. कोपरात अडकविलेले किंवा टाकीवर ठेवलेले हेल्मेट कोपराचे व टाकीचे रक्षण करते, डोक्याचे नव्हे. हनुवटीखालचा पट्टा न लावल्यास पडताच ते डोक्यावरून निघून जाते. एकदा जोराचा आघात सोसलेले हेल्मेट पुन्हा वापरू नये.

आपले रस्ते

श्रीनगरहून कन्याकुमारीस जाणारा ४४ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आपल्याच जिल्ह्यातून जातो. वावराच्या पायवाटेवरून एकदम त्यावर चढणे, किंवा फेरा वाचविण्यासाठी उलट दिशेने जाणे, ही आपली मोठी खोड आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. धोका दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंतच तेवढे अंतर संपते, थांबणे त्यापुढे. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यावर थांबण्याचे अंतर चौपट होते. म्हणून समोरून येणाऱ्या ट्रकवाल्यास आपण दिसलो तरी तो लगेच थांबू शकेल असे समजू नये.

कापसाच्या हंगामात तिन्हीसांजेस बिनदिव्याच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या व बैलगाड्या रस्त्यावर असतात. थंडीत पहाटे धुके दाटते. पहिल्या पावसात धूळ व तेल मिसळून डांबर निसरडे होते. रस्त्यावर वाळत घातलेल्या मक्या-सोयाबीनवरून चाक गोट्यांवरून घसरावे तसे घसरते. केरामेरीसारख्या घाटात वळण आल्यावर नव्हे, वळणाच्या आधी वेग कमी करावा. २०१७ च्या एप्रिलपासूनच्या नव्या दुचाकींचा पुढचा दिवा दिवसाही आपोआप जळतो. पुष्कळ भले लोक हात हलवून 'दिवा चालू आहे' अशी खूण करतात. तो दिवा आपल्याला दिसावे म्हणून नसून आपण दुसऱ्यास दिसावे म्हणून आहे. ट्रॅक्टरवाल्यांनीही ट्रॉलीच्या मागे लाल परावर्तक पट्टी लावली तर थोड्या पैशांत कोणाचा तरी मुलगा वाचेल.

कायद्याने चालकामागे एकासच बसता येते. जत्रेस वा लग्नास चौघे-पाच जण एका गाडीवर जाताना दिसतात. त्यांतील शेवटचा हवेतच बसलेला असतो. एका बाजूस बसणाऱ्या भगिनींनी पदर व ओढणी कमरेस खोचून घ्यावी. मागच्या चाकास अर्धे झाकणारी जाळी कायद्यानेच सांगितलेली आहे. शोभेसाठी ती काढून टाकू नये.

काय करता येईल?

मान्यताप्राप्त शाळेत जाऊन शिकता आले तर उत्तमच. ते न जमले तरी गावात करता येण्यासारखे पुष्कळ आहे. ज्यांस शिकाऊ परवाना मिळाला आहे अशा मुलामुलींस जाणत्या परवानाधारकाने चार रविवार द्यावेत. पहिल्या रविवारी गाडी चालूच करू नये: चाकाची हवा, साखळी, ब्रेक, दिवे तपासण्यास आणि गाडी ढकलीत नेऊन उभी करण्यास शिकवावे. दुसऱ्या रविवारी मैदानावर फक्त निघणे व थांबणे, दोन्ही ब्रेकांनी, पुनःपुन्हा. तिसऱ्या रविवारी वळणे, आठचा आकडा, आणि वळण्यापूर्वी मान वळवून मागे पाहण्याची सवय. चौथ्या रविवारी गावरस्ता, शिक्षक मागे बसून. महामार्ग पक्क्या परवान्यानंतर. कन्यांसही हे शिकवावे. प्रसंगी घरातील रोग्यास दवाखान्यात तीच नेईल.

आणि अपघात दिसलाच तर वाट वाकडी करून जाऊ नये. १०८ किंवा ११२ क्रमांकावर फोन करावा. जखमीस निःस्वार्थपणे मदत करणाऱ्यास कायद्याचे संरक्षण आहे. पोलीस व दवाखाना त्यास नाव सांगण्याची सक्ती करू शकत नाहीत. पहिला तास मोलाचा असतो. २०२५ च्या मे महिन्यात जाहीर झालेल्या केंद्राच्या योजनेप्रमाणे अपघातग्रस्तास ठरविलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळण्याची तरतूद आहे. जखमी कोणत्या जातीचा, कोणत्या गावचा, प्यालेला की न प्यालेला, हा विचार नंतर करावा. मात्र पिऊन गाडीवर बसणाऱ्यास आधीच अडवावे. लग्नाच्या मांडवातून कोणी झोकांड्या खात निघाला तर त्याची किल्ली काढून घेणे हा त्याचा अपमान नसून त्याच्या बायकामुलांवर केलेला उपकार आहे.

आईबापहो, मुलगा रुसेल. 'साऱ्यांना गाडी आहे, मलाच नाही,' असे म्हणेल. दोन दिवस जेवणार नाही. त्याचा रुसवा सोसावा. अठरा वर्षे पूर्ण झाली, शिकाऊ परवाना हाती आला, महिनाभर सराव झाला, परीक्षा उतरला, की आपल्या हाताने त्यास किल्ली द्यावी आणि तिच्यासोबत हेल्मेटही द्यावे. तोवर ती किल्ली खुंटीवर नको. पेटीत, कुलपात असू द्यावी.